कोपरखैरणेचा ताल आणि गुलमोहराच्या शेंगा: प्राथमिक शाळेत संगीत सप्ताह कसा घ्यावा

संगीत सप्ताह घ्यायचं ठरलं की शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न येतो, "कुणाकुणाला घ्यायचं?" म्हणजे बरी गाणारी दहा-बारा मुलं निवडायची, त्यांच्याकडून तयारी करून घ्यायची आणि शनिवारी कार्यक्रम. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या वर्षी मीही तसंच केलं. तिसरीतला एक मुलगा समूहगीतात सगळ्यांच्या खाली, एकाच सुरात गात होता. त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." त्यानं ते मनापासून ऐकलं. कार्यक्रम छान झाला. पुढच्या वर्षी चौथीत गेल्यावरही परिपाठात तो नुसते ओठच हलवत होता.

तेव्हापासून आमच्या सप्ताहाला एकच नियम आहे: निवड करायची नाही. पहिली ते चौथीचं प्रत्येक मूल ऐकेल, ताल धरेल, गाईल आणि काहीतरी वाजवेल. मी नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात शिकवते. आमच्याकडे संगीताचे वेगळे शिक्षक नाहीत, एक जुनी पेटी आहे आणि वर्गात चाळीसच्या आसपास मुलं असतात. तुमच्याकडेही साधारण असंच असेल, हे धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधीचे तीन आठवडे

आठवडा निवडताना दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला घ्या. २१ जूनला जागतिक संगीत दिन असतो आणि त्या दिवसाचा मोह होतो, पण तेव्हा शाळा नुकती उघडलेली असते आणि पहिलीची निम्मी मुलं आईसाठी रडत असतात. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या दमट हवेत ढोलकी-तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो आणि दर अर्ध्या तासानं ठोकत बसावं लागतं. डिसेंबरात हवा कोरडी असते, गुलमोहराच्या शेंगा वाळून काळ्या झालेल्या असतात (त्यांचं काम पुढे आहे) आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी अजून सुरू झालेल्या नसतात. हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. तालमी एकदा सुरू झाल्या की "घ्यायची" आणि "न घ्यायची" मुलं वेगळी होतातच.

वेळापत्रक फार हलवू नका. प्रत्येक वर्गाला रोज एक तासिका आणि परिपाठातली पाच मिनिटं एवढं पुरतं. कार्यानुभव, कला आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका त्या आठवड्यापुरत्या एकत्र केल्या की गणित-भाषेला हात लावावा लागत नाही. शनिवारी आनंददायी शनिवारची वेळ हाताशी असतेच.

महापालिकेच्या इमारतींत बऱ्याचदा एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर हिंदी किंवा उर्दू माध्यम असतं. त्यांच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि त्यांची चाचणी कधी आहे ते विचारा. एका वर्षी आम्ही हे विसरलो. बुधवारी वरच्या मजल्यावर मुलं पेपर सोडवत होती आणि खाली आमचे डबे वाजत होते. शिक्षिका खाली आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त दारात उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलांनाही आम्ही बोलावलं, आणि सप्ताहातली सगळ्यात गोड अंगाई त्यांच्या दुसरीतल्या मुलीनं म्हटली.

सामान आता सांगते, कारण ते जमायला तीन आठवडे लागतात. घरी नारळ फुटला की करवंटी टाकू नका, धुऊन वाळवून पाठवा, असा निरोप पालकांच्या गटावर टाका. प्रत्येक मुलाला दोन अर्ध्या हव्यात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला चाळीस नारळ. ते एका आठवड्यात जमत नाही. गुळगुळीत काठाचे, झाकण असलेले पत्र्याचे डबे चालतील. कापलेले डबे अजिबात नकोत, काठ हाताला लागतो. चिनी मातीचे सहा वाडगे, जाड-बारीक रबरबँड, फुगे, रुंद चिकटपट्टी आणि सँडपेपर एवढं विकत किंवा उसनं आणावं लागेल. शाळेतल्या लेझीम काढून बघा, चकत्या निसटलेल्या असतील तर तार बदलून घ्या. पेटी असेल तर तिचा भाता फाटलेला नाही ना ते पाहा. पेटी नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप चालतं.

आणखी एक काम सहकाऱ्यांचं. "मला गाता येत नाही" असं म्हणणारे दोघं-तिघं असतातच. त्यांना आग्रह करू नका. सोमवार आणि मंगळवारच्या कामाला गळा लागतच नाही. ते दोन दिवस त्यांच्याकडे द्या. बुधवारपर्यंत ते आपोआप गुणगुणायला लागतात, हे दर वर्षी बघते आहे.

आधी शब्द ठरवा

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, वर्गात फसल्यावर कळली. मी मुलांना म्हणायची, "आवाज वर घ्या," आणि सगळी ओरडायची. चूक त्यांची नव्हती. घरी टीव्हीचा आवाज वर करतात तेव्हा तो मोठा होतो, आणि "आवाज चढवू नकोस" याचा अर्थ ओरडू नकोस. मग वर घ्या म्हटल्यावर मूल ओरडणारच. "हळू" या शब्दाचंही तसंच. "हळू म्हणा" म्हटलं की अर्धी मुलं सावकाश म्हणतात आणि अर्धी कुजबुजतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

म्हणून सप्ताहाआधी सगळ्या शिक्षकांनी मिळून तीन जोड्या पक्क्या करा. सुरासाठी जाडा आणि बारीक. हे शब्द मुलांच्या तोंडी आधीच असतात: म्हशीचा आवाज जाडा, चिमणीचा बारीक. जोरासाठी मोठा आणि हळू. वेगासाठी भरभर आणि सावकाश, इथे हळू म्हणायचं नाही. प्रत्येक जोडीला एक खूण द्या. सुरासाठी तळहात जमिनीकडून डोक्याकडे, जोरासाठी दोन्ही हात जवळ किंवा लांब, वेगासाठी पायानं चाल. दुसऱ्या दिवसापासून खूण केली तरी पुरते आणि तुमचा घसा वाचतो.

थांबण्याची खूणही आत्ताच ठरवा. वर मूठ धरली की सगळं बंद. चाळीस करवंट्या वाजत असताना ओरडून काही उपयोग नसतो. मूठ धरायची आणि वाट बघायची. सोमवारी याचा खेळच घ्या: वाजवा, मूठ, शांत. पुन्हा वाजवा, मूठ, शांत. मुलांना तो खेळ वाटतो आणि आठवड्याची शिस्त तिथेच लागते.

सोमवार: कान

थांबण्याचा खेळ सोडला तर पहिल्या दिवशी गायचं नाही, वाजवायचंही नाही. एक झांज घ्या, एकदाच वाजवा आणि सांगा: आवाज पूर्ण विरला असं वाटलं की हात वर करा. चाळीस मुलांचा वर्ग अर्धा मिनिट श्वास रोखून बसतो. काहींचा हात लवकर जातो, काही कान पुढे करून तसेच बसून राहतात. बरोबर कुणाचं ते सांगू नका, परत वाजवा. तिसऱ्या खेपेला सगळेच जास्त वेळ ऐकतात.

मग डोळे मिटून एक मिनिट. काय काय ऐकू आलं ते फळ्यावर लिहायचं. आमच्या फळ्यावर आलेली यादी: पंखा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा ट्रक, कुकरची शिट्टी, खार, भंगारवाल्याची हाक, लोकल, शेजारच्या वर्गातले पाढे, आणि एका मुलीनं सांगितलेलं "माझंच नाक". तिसरी-चौथीच्या मुलांना आवाजांची फेरी करायला शाळेभोवती न्या. प्रत्येक गट कागदावर शाळेचा नकाशा काढतो आणि आवाज जिथून आला तिथे खूण करतो: अखंड आवाजाला रेघ, तुटक आवाजाला ठिपके, जाड्याला जाड खडू, बारकाला पेन्सिल. ही त्यांची पहिली स्वरलिपी. संध्याकाळी नकाशा भिंतीवर लावा आणि शनिवारपर्यंत काढू नका.

पहिली-दुसरीला फेरीवाल्यांच्या हाका फार आवडतात. भाजीवाली, इडलीवाला, भांडीवाला प्रत्येकाची हाक नकलून दाखवायची. कुणाची हाक शेवटी वर जाते, कुणाची खाली येते, कुठला शब्द लांबवला आहे, हे हातानं हवेत काढून दाखवायचं. स्वर म्हणजे काय ते न सांगताच स्वर हातात येतात.

गोंगाटानं कान झाकणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला दाराजवळ जागा द्या आणि झांजेचं काम त्याच्याकडेच सोपवा. आवाज कधी येणार हे त्यालाच माहीत असलं की त्याची भीती कमी होते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरायला द्या. ढोलकीजवळ बसलं की थाप फुग्यातून तळव्याला कळते. मग बाकीच्या सगळ्यांनाही फुगा हवा असतो. द्या.

मंगळवार: ताल, आणि आपली लोकल

ताल शिकवायला तबला लागत नाही, ट्रान्स हार्बर लोकलची स्टेशनं पुरतात. आमच्या मुलांना ती पाठ असतात: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एकेक नाव टाळ्यांवर म्हणायला लावा. वा-शी, तुर्-भे, ठा-णे दोन टाळ्यांची. ऐ-रो-ली, र-बा-ळे, घण-सो-ली, सान-पा-डा तीन टाळ्यांची. आणि को-पर-खैर-णे चारांचं. मुलं स्वतःच नावांचे गट पाडतात.

आता ऐरोली, रबाळे हे लागोपाठ, न थांबता म्हणत राहा. तीन आणि तीन, सहा मात्रा (मात्रा म्हणजे तालातला एक ठोका). हा झाला दादरा. ऐ आणि र यांवर जोर द्या, बाकीच्या मात्रा हलक्या. अंग आपोआप झुलायला लागतं. बरीचशी कोळीगीतं याच झुलत्या वजनाची, त्यामुळे सारसोळे-दिवाळ्याकडून आलेल्या मुलांच्या खांद्यांना ते आधीच माहीत असतं. कोपरखैरणे, कोपरखैरणे असं दोनदा म्हटलं की चार आणि चार, आठ मात्रा, म्हणजे केरवा. भजनाची ठेक्याची चाल यात चालते आणि लेझमीचे चार आवाजही यात नीट बसतात.

चौथीला पुढे न्या. कोपरखैरणे चारदा म्हणायचं, पण तिसऱ्या वेळी पहिल्या अक्षरावर टाळी न देता हात बाजूला हलवायचा. सोळा मात्रा, पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खालीची, म्हणजे टाळीऐवजी हात हलवायची. हा तीनताल. आणि ज्यांना अजून हवं आहे त्यांच्यासाठी घणसोली, तुर्भे, वाशी: तीन, दोन, दोन. सात मात्रांचा रूपक. त्याची खाली पहिल्याच मात्रेवर असते, म्हणून घण म्हणताना हात हलवायचा आणि तुर् व वा यांवर टाळी. दर वर्षी दोन-तीन मुलं हा घरी जाईपर्यंत म्हणत राहतात. ठाण्याच्या शाळांनी आपली नावं शोधावीत, वागळे, वर्तकनगर, चेंदणी, कोपरी, येऊर. बोलताना नाव कसं तुटतं ते कानानं ठरवायचं, लिहिण्यावरून नाही. खैरणे लिहिताना तीन अक्षरं, बोलताना खैर-णे.

मुलं हमखास एक चूक करतात, वेग वाढवतात. सुरुवात सावकाश, शेवट धावत. "सावकाश!" असं ओरडून काही होत नाही. पायावर आणा. उभं राहून डाव्या-उजव्या पायावर डोलत म्हटलं की वेग टिकतो, कारण अंगाला धावायला थोडा वेळ लागतो. दुसरा उपाय म्हणजे गाडीचा खेळ: स्टेशन आलं की सगळ्यांनी मिळून वेग कमी करत थांबायचं आणि परत सावकाश सुटायचं. वेग आपल्या हातात असतो, हे त्या खेळातून कळतं.

शेवटी वर्गाचे दोन भाग करा. एका भागाचा दादरा चालू, दुसऱ्यानं त्यावर फक्त पहिल्या मात्रेला मांडीवर थाप द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, दुसरीचा वर्ग हे करू लागला की मला अजूनही काटा येतो.

बुधवार: गळा

हा दिवस मी सगळ्यात जपून घेते.

पहिली गोष्ट, "मोठ्यानं म्हणा!" हे वाक्य आठवडाभर बंद. मूल मोठ्यानं म्हणायला गेलं की ओरडतं, ओरडलं की घसा आवळतो आणि सूर हरवतो. "गोड म्हणा" हेही मोघमच. "शेजारच्याचा आवाज तुला ऐकू येईल एवढंच म्हण," असं सांगा. या एका सूचनेनं वर्गाचा आवाज बदलतो.

दुसरी गोष्ट पट्टी, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा आरामाचा पट्टा साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून) वरच्या पांढरी एक-दोनपर्यंत. गाणं निवडलं की त्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा आणि दोन्ही या पट्ट्यात बसतील असा सा धरा. गाणं सा ते वरच्या सापर्यंत फिरत असेल तर पांढरी दोन ठीक. खालच्या पापर्यंत उतरत असेल तर सा पांढरी चार किंवा पाचवर न्यावा लागेल. पुरुष शिक्षक गातात तेव्हा मुलांना त्यांचा स्वर एक सप्तक खाली ऐकू येतो आणि लहान मुलं गोंधळतात. त्यांनी पेटीवर मुलांच्या सप्तकातला स्वर द्यावा किंवा सुरात असलेल्या एखाद्या मुलीला पहिली ओळ म्हणायला सांगावी. राष्ट्रगीताचंही हेच. ते ५२ सेकंदांत म्हणायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुरुवातीचा स्वर कुणी देत नाही. जोशात वरून उचललं की शेवटच्या जयजयकाराला, जिथे चाल सगळ्यात वर जाते, मुलं किंचाळतात. सप्ताहात रोज परिपाठाला पेटीवर पांढरी दोनचा सा द्या, सगळ्यांनी तो गुणगुणायचा आणि मगच सुरू करायचं. राज्यगीतालाही असाच, त्याच्या चालीला साजेसा सा ठरवून ठेवा. ही सवय सप्ताहानंतरही टिकली, तर तेवढ्यानंच आठवडा वसूल.

सुरुवातीला गळा मोकळा करायला भोंगा. गिरणीच्या भोंग्यासारखा "ऊ" जाड्यातून बारकात आणि परत खाली. तळहात वर-खाली करत. मग श्वास: गरम वरणभाताचा वास घेतल्यासारखा आत, मेणबत्ती न विझवता नुसती हलवल्यासारखा बाहेर. पाच मिनिटं बास.

गाणं शिकवताना आधी ते दोनदा पूर्ण म्हणून दाखवा, मुलांनी फक्त ऐकायचं. मग एकेक ओळ तुम्ही, मागून मुलं. पहिली-दुसरीला लिहून देऊ नका, वाचायला लागली की कान बंद होतात. गाणी कुठली? बालभारतीच्या पुस्तकातल्या कविता घ्या. त्या शिकवायच्याच असतात, आणि चाल मुलांनाच लावू द्या. सोमवारच्या हाकेची चढउतार आणि मंगळवारचा दादरा त्यात वापरायला सांगा. यूट्यूबवरचे तयार ट्रॅक टाळा. त्यांचा वेग आणि पट्टी आपल्या वर्गाची नसते, मूल त्यामागे फरफटतं.

आता एकाच सुरात गाणारं मूल. अशी मुलं बेसूर जन्मलेली नसतात. बहुतेक वेळा ती आपल्या बोलण्याच्या सुरात गात असतात, आवाज वर नेता येतो हे त्यांना अजून सापडलेलं नसतं. उपाय उलटा आहे: त्याला आपल्या सुरात ओढायचं नाही, आपण त्याच्या सुरात जायचं. बाजूला बसून त्याला कुठलाही स्वर लांब म्हणायला सांगा, आणि तोच स्वर तुम्ही म्हणा. दोन आवाज एक झाले की मूल चमकून बघतं. मिळालेला सूर कसा लागतो ते त्यानं पहिल्यांदा ऐकलेलं असतं. मग तिथून भोंग्यासारखं दोघांनी मिळून थोडं वर सरकायचं, थोडंसंच. रोज दोन मिनिटं, मधल्या सुट्टीत, इतर मुलांसमोर नाही. काहींना आठवडा लागतो, काहींना वर्ष. ओठ हलवणाऱ्या त्या मुलाबरोबर मी चौथीचं उरलेलं वर्ष हे केलं. मार्चमध्ये तो राष्ट्रगीत म्हणू लागला, एखादा स्वर खाली राहायचा, पण आवाज बाहेर येत होता.

गुरुवार: आपली वाद्यं

वर्गात सगळ्यात जास्त पसारा आजचा. दोन पालक मदतीला बोलवा आणि वर्गाचे चार गट करा, प्रत्येक गट एकच वाद्य बनवेल.

करवंट्यांचे काठ सँडपेपरनं घासायचे आणि दोन अर्ध्या एकमेकींवर आपटायच्या. तोंडाशी तोंड आपटलं तर पोकळ, जाडा आवाज, पाठीला पाठ लावली तर टणक. मुलांना हे सांगू नका, शोधू द्या. गुलमोहराच्या न उकललेल्या वाळक्या शेंगा म्हणजे आयता खुळखुळा, काहीच करावं लागत नाही. उकललेली शेंग घेऊ नका, बिया सांडतात आणि लहान मुलं तोंडात घालतात. डब्यात मूग किंवा तांदूळ भरून खुळखुळा करायचा तर झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे मोठ्यांनीच द्यायचे. मूठभराहून जास्त धान्य भरलं तर आवाज दबतो. डब्याच्या तोंडावर मान कापलेला फुगा ताणून बसवला की ढोल झाला. रबरबँड उघड्या डब्यावर ताणले की जाड रबर जाडा बोलतं, बारीक रबर बारीक, आणि तेच रबर जास्त ताणलं की सूर चढतो. गावठाणातली मुलं नारळाच्या पातीची पिपाणीही करून दाखवतात: हीर (पातीतली मधली काडी) काढायचा, पात तिरकी गुंडाळत न्यायची, शेवट हिराच्या तुकड्यानं टोचून पक्का करायचा. हे त्यांनाच शिकवू द्या. एरवी वर्गात गप्प असणारा मुलगा त्या दिवशी गुरुजी होतो.

जलतरंग मात्र शिक्षकांनी आधी लावून ठेवा. चिनी मातीचे वाडगे घ्या, स्टीलच्या वाट्या कर्कश वाजतात. पाणी घातलं की वाडग्याचा सूर उतरतो, चढत कधीच नाही. म्हणून रिकामा असताना हव्या त्या स्वराच्या थोडा वर बोलणारा वाडगाच निवडायचा आणि पेटीशी जुळवत चमच्या-चमच्यानं पाणी घालायचं. सा रे ग प ध आणि वरचा सा एवढेच स्वर लावा. हे भूप रागाचे स्वर. मूल कुठल्याही क्रमानं वाजवो, कानाला टोचत नाही. पाण्याच्या पातळीवर पेननं खूण करून ठेवा, कारण वाडगा कुणीतरी सांडणार. वाजवायला बांबूची बारीक काडी, काठावर हलकी.

चौथीसाठी एक कोडं. काचेची बाटली काडीनं वाजवली तर पाणी वाढेल तसा आवाज जाडा होतो. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकलं तर पाणी वाढेल तसा बारीक होतो. का? मुलांना पाच मिनिटं भांडू द्या. काडीनं काच थरथरते, आणि पाण्याचं ओझं वाढलं की तिची थरथर मंदावते. फुंकल्यावर थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवेची जागा लहान होते. बासरीची वरची भोकं मोकळी केली की सूर का चढतो, तेही इथेच सांगून टाका.

शुक्रवार: पाहुणे

पाहुणे गावातलेच बोलवा. घणसोली, दिवाळे, वाशीगाव, चेंदणी, कुठेही भजनी मंडळ असतं आणि पखवाज वाजवणारे कुणाचे तरी आजोबा असतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात हे बघितल्यावर मुलं हसतात, मग कणीक काढून आणि लावून आवाज ऐकवला की गप्प होतात. आगरी लग्नात धवले गाणारी एखादी धवलारीण आजी मिळाली तर तिला खुर्ची द्या, माइक नको. मुलांनी जवळ जाऊन बसायचं. तुर्भ्या-दिघ्याकडच्या वर्गात कानडी, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या घरातली मुलं असतात. त्यांच्या आयांना अंगाई म्हणायला बोलवा. मुलांना सगळे शब्द कळले नाहीत तरी अंगाई कळते.

पाहुण्यांना वीस मिनिटांचीच विनंती करा. मानधन किंवा निदान जाण्या-येण्याचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीकडून आधी मंजूर करून पाकिटात ठेवा. "मुलांसाठीच आहे, घेणार नाहीत ते" असं गृहीत धरणं मला पटत नाही. आवाज मुद्रित करायचा तर विचारून. मुलांनी तीन प्रश्न तयार ठेवायचे: वाद्य कशाचं आहे, कुणाकडून शिकलात, आणि चुकलं की काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि मुलं कान देऊन ऐकतात ते हेच.

शनिवार: दारं उघडी

मंच नाही, मंडप नाही, स्पीकर नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आपण मुलांसाठी मागतो ती शांतता आपणच मोडू नये. शिवाय माइक आला की तो एकाच्या हातात जातो आणि उरलेली एकोणचाळीस मुलं प्रेक्षक होतात.

त्याऐवजी प्रत्येक वर्गानं आपल्याच खोलीत पंधरा मिनिटांचं काम करायचं आणि पालकांनी गटागटानं खोली बदलत फिरायचं. पहिलीत हाका, दुसरीत लोकलचे ताल, तिसरीत कविता आणि करवंट्या, चौथीत जलतरंग. पालकांना नुसतं बसू देऊ नका. दारातच हातात शेंग द्या आणि पहिली मात्रा कुठे ते त्यांच्या मुलालाच शिकवायला लावा. मोबाइल खिशात ठेवायची विनंती मुलांनी केली तर पालक ऐकतात, आपण केली तर नाही.

बक्षीस, क्रमांक, प्रमाणपत्र काही ठेवू नका. कुणी परीक्षक म्हणून यायला तयार असेल तर त्यांना चौथीच्या वर्गात रूपकाच्या टाळ्या द्यायला बसवा.

पसारा त्याच दिवशी आवरा. वाडगे पुसून ज्यांचे त्यांना, डब्यांतलं धान्य काढून टाका नाहीतर आठवड्यात पोरकिडे होतात. शेंगा खोक्यात कोरड्या ठेवल्या तर वर्षभर वाजतात. आमचं खोकं तिसरीच्या खिडकीखाली असतं. सोमवारी मधली सुट्टी संपली की तिसरीच्याच कुणीतरी ते उघडायचं आणि शेंग हलवत म्हणायचं, को-पर-खैर-णे. मुलं त्या तालावर पावलं टाकत जिन्यानं वर जातात.